खाऱ्या पाण्यातला बेडूक

कैरीच्या फोडींना मीठ लावून बरणी झाकून ठेवली की दुसऱ्या दिवशी फोडी आपल्याच पाण्यात बुडालेल्या दिसतात. त्या पाण्याला आपल्याकडे खार म्हणतात. बाहेरून कोणी थेंबभरही पाणी घातलेले नसते. मिठाच्या ओढीने फोडीतले पाणी बाहेर आलेले असते आणि फोड तेवढी आक्रसलेली असते. हा अनुभव इतका नित्याचा आहे की त्यात विचारण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनात येत नाही. आम्हांस मात्र गेले काही महिने एका प्रश्नाने पछाडले आहे. ज्याच्या अंगावर खवले नाहीत, केस नाहीत, जाड कवच नाही, ज्याची कातडी सदैव ओली आणि झिरपती, तो बेडूक खाऱ्या पाण्यात उतरला तर त्याची कैरीची फोड होते की नाही? हा प्रश्न आम्हांस का पडला, ते पुढे ओघाने येईल.

फोडीला पाणी का सुटते याचा पहिला लेखी पुरावा फ्रान्समधील आबे नोले यांच्या नावावर आहे. इ.स. १७४८ मध्ये त्यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने घट्ट बांधले आणि ते भांडे पाण्यात ठेवले. काही तासांनी कातडे फुगून वर आले; त्याला टाचणी टोचताच आतील द्रवाची चिळकांडी उडाली. पाणी कातड्यातून आत शिरले होते, मद्यार्काला मात्र तितक्या सहजपणे बाहेर पडता आले नव्हते. नोले यांनी डीकनपदाची दीक्षा घेतली होती. सेमिनरीत घडलेल्या आमच्यासारख्या माणसास हे वाचून थोडा अभिमान वाटला हे आम्ही नाकारीत नाही. आमच्या विज्ञानाच्या वर्गात हे नाव कोणी उच्चारले नव्हते. शाळेच्या पुस्तकात या क्रियेला परासरण म्हणतात. नियम साधा आहे. ज्या बाजूस विरघळलेले कण अधिक, त्या बाजूस पाणी जाते. ते कण मिठाचे असोत, साखरेचे असोत की आणखी कशाचे. पाणी चव पाहत नाही, संख्या पाहते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

गोड्या पाण्यातल्या बेडकाची अडचण कैरीच्या अगदी उलट असते. त्याचे रक्त तळ्याच्या पाण्याहून पुष्कळ खारट, म्हणून पाणी रात्रंदिवस कातडीतून आत शिरत राहते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याला ती गरजच नाही. आत आलेले जादा पाणी मूत्रपिंडे पातळ लघवीच्या रूपाने बाहेर टाकतात, पण त्याबरोबर थोडेथोडे मीठही वाहून जाते. ते भरून कसे काढायचे? डेन्मार्कचे आउगुस्ट क्रोग यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले की मिठाला भुकेलेला बेडूक अत्यंत विरळ पाण्यातूनही आपल्या कातडीने क्षार वेचून आत घेतो. कोपनहेगनमध्येच हान्स उसिंग यांनी पुढे बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसविला, दोन्हीकडे सारखेच खारे पाणी भरले आणि दोन्ही बाजूंमधला विजेचा दाब शून्यावर आणला. ओढ कोणतीच उरली नाही, तरी सोडियम बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूकडे जात राहिले. हा प्रयोग १९५१ चा. बेडूक मेलेला, कातडी वेगळी केलेली, आणि तिच्यातल्या पेशी तासन् तास आपले काम करीत राहिलेल्या! हे काम करणारा पंप १९५७ मध्ये येन्स स्कौ यांना सापडला तो खेकड्याच्या मज्जातंतूंत. पेशीतले सोडियम बाहेर काढावे, पोटॅशियम आत घ्यावे आणि त्यासाठी अन्नातून मिळालेली शक्ती खर्चावी, एवढे त्याचे काम. तुमच्या-आमच्या देहातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तो पंप या क्षणी चालू आहे.

आता हाच बेडूक खाऱ्या पाण्यात टाका. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात, आणि बेडकाच्या रक्तातील विरळपणा पाहिला तर ते समुद्राच्या जेमतेम पावपट भरते. पाणी उलट दिशेने, आतून बाहेर, धावू लागते. रक्त आटते, दाट होते. रक्त दाट झाले की त्यात बुडालेल्या पेशींमधले पाणीही बाहेर खेचले जाते आणि पेशी कैरीच्या फोडीसारख्या आक्रसतात. पेशीच्या आत प्रथिनांची आधीच दाटी असते. पाणी कमी झाले की त्यांची हालचाल अडते, रासायनिक कामे मंदावतात. मूत्रपिंडाचीही मदत होत नाही, कारण रक्ताहून अधिक तीव्र लघवी करणे बेडकाच्या मूत्रपिंडास जमत नाही. म्हणूनच चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात लिहिले की महासागरातील एकाकी बेटांवर बेडूक आढळत नाहीत, कारण ते आणि त्यांची अंडी समुद्राच्या पाण्याने मरतात. पुढच्या आवृत्तीत मात्र या विधानात त्यांनी एक अपवाद जोडला: एक भारतीय जात वगळता. ती जात कोणती हे त्यांनी सांगितले नाही.

आक्रसलेली पेशी मुकाट्याने मरते असे मात्र नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीत अँफियुमा नावाचा सापासारखा लांबट उभयचर राहतो. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी माणसाच्या तांबड्या पेशींपेक्षा जवळजवळ दसपट लांब, म्हणून अभ्यासास सोयीच्या. पीटर काला यांनी १९८० च्या सुमारास त्यांच्यावर प्रयोग केले. पेशी तीव्र खाऱ्या द्रवात घातली की ती आक्रसते. मग ती बाहेरचे सोडियम आत घेऊन त्याच्या बदल्यात हायड्रोजनचे कण बाहेर सोडते. कण वाढले की पाणी मागोमाग येते आणि पेशी फुगून पूर्वीच्या आकाराजवळ येते. विरळ द्रवात घातली तर फुगलेली पेशी पोटॅशियम बाहेर सोडून स्वतःला आवरते. म्हणजे आपण किती आक्रसलो, किती फुगलो हे पेशीस कळते! डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी कळते. परंतु ही प्रथमोपचाराची पद्धत आहे. पेशीच्या आत क्षार फार वाढले तर प्रथिनांचे काम बिघडते. दीर्घकाळ खाऱ्यात राहायचे तर पेशीस क्षारांऐवजी आणखी काही जमा करावे लागते. ते असे हवे की त्याने पाणी तर धरून ठेवावे, पण आतल्या कामात ढवळाढवळ करू नये. अमायनो आम्ले, टॉरिन आणि तत्सम काही द्रव्ये या कामास येतात. ती जमवायला तास लागतात, दिवस लागतात.

एवढी तयारी झाल्यावर आता त्या बेडकाकडे वळू. आग्नेय आशियाच्या किनाऱ्यावर, तिवरांच्या चिखलात, एक बेडूक राहतो. त्याचे शास्त्रीय नाव फेजेर्वार्या कँक्रिव्होरा, पूर्वीच्या ग्रंथांत राना कँक्रिव्होरा. त्या नावाचा अर्थच खेकडे खाणारा. गोड्या पाण्याजवळ तो कीटकांवर भागवतो, खाडीकडे आला की खेकड्यांवर हात मारतो. माल्कम गॉर्डन, क्नुट श्मिट-निल्सन (हे क्रोग यांचे एकेकाळचे जावई) आणि हॅमिल्टन केली या तिघांनी थायलंडमध्ये त्याचा अभ्यास करून १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रौढ बेडूक दर हजार भागांत २८ भाग क्षार असलेल्या पाण्यात, म्हणजे समुद्राच्या चार-पंचमांश खारटपणात, जिवंत राहतो. तो पाण्याशी झगडत नाही. बाहेरचे पाणी जसजसे खारट होते तसतसे तो आपले रक्तही दाट करीत नेतो, बाहेरच्यापेक्षा किंचित अधिकच. त्यात मिठाचा वाटा असतो, पण वाढीतला मोठा वाटा असतो युरियाचा. अन्य प्राणी जो युरिया लघवीवाटे टाकून देतात तो हा प्राणी अंगात साठवितो. लघवी अगदी कमी करतो, आणि यकृतात युरिया बनविणारी यंत्रणाही खारटपणाबरोबर वाढविता येते हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

युरियाची निवड मोठी चतुराईची आहे. मीठ पेशीच्या पडद्याबाहेर अडते. युरिया बहुतेक पेशींच्या पडद्यातून सहज आरपार जातो. त्यामुळे तो रक्तात जितका, तितकाच थोड्या वेळात पेशीच्या आतही होतो. दोन्ही बाजूंचे कण सारखे झाले की पाणी कुठेच धावत नाही, आणि पेशी आक्रसत नाही. शिवाय पेशीच्या आत अमायनो आम्लेही वाढतात. फुकट मात्र काही मिळत नाही: युरिया फार झाला तर प्रथिनांची घडी विसकटवितो, आणि एवढ्या युरियासह काम चालू ठेवणे हे या बेडकाच्या पेशींचे खरे कसब.

युरिया हा शब्द आमच्या कानावर आला तो मात्र प्राणिशास्त्रातून नव्हे. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारा गाव मास्तर म्हणतो, गेली दोन वर्षे डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी त्यांची वारी ठरलेली. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कोमुनियन देण्यास जातो तेव्हा त्यांच्या पत्नी एक वही पुढे करतात. त्यात तारखेनिशी आकडे असतात: युरिया, क्रिएटिनिन, वजन, दिवसभरात प्यायलेले पाणी. निरोगी माणसाच्या रक्तात युरिया दर डेसिलिटरला १५ ते ४० मिलिग्रॅम असतो. मास्तरांच्या वहीत एकदा १६८ होता. मास्तरांनी आयुष्यभर विज्ञान शिकविले, त्यामुळे आकडा पाहून घाबरण्याऐवजी त्यांना प्रश्न पडतात. त्या शुक्रवारी ते म्हणाले, "फादर, हे युरिया जर विष आहे, तर आपले शरीर ते बनवितेच कशाला? देवाने ही भानगड ठेवली कशाला?"

पुजाऱ्याकडे प्रश्न आला की उत्तर तयार असते असा लोकांचा समज असतो. आम्ही उत्तर दिले नाही, वही परत केली आणि प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या, धर्मग्रामातल्याच, एका प्राध्यापिकाबाईंकडून पुस्तके मागून आणली. बेडूक भेटला तो तिथे.

उत्तराचा पहिला भाग सोपा होता. आपण खाल्लेल्या प्रथिनांतून अमोनिया निघतो. तो इतका जहाल की देह त्याला क्षणभरही मोकळा ठेवू शकत नाही. यकृत आपली शक्ती खर्चून त्याचा सौम्य युरिया बनविते. तो अमोनियाच्या मानाने विष नव्हेच. डायलिसिसच्या रोग्यास अपाय करणारी, गाळून न गेलेली इतर पुष्कळ द्रव्ये असतात. पोटॅशियम तर हृदयच थांबवू शकते. युरिया मोजायला सोपा म्हणून वहीत त्याचे नाव ठळक. दुसरा भाग आम्ही मास्तरांना पुढच्या भेटीत सांगितला. त्या चिखलातल्या बेडकाच्या रक्तात युरिया दर डेसिलिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या वर जातो आणि तो खेकडे पकडीत हिंडत असतो. मास्तर हसले. म्हणाले, "म्हणजे आम्ही त्याच्यापुढे अगदीच गोडे!"

मास्तरीणबाईंना यात नवल वाटले नाही. त्या म्हणाल्या, "मुशी शिळी झाली की नाक दाबावे लागते, ते काय मग?" त्यांचे म्हणणे अचूक होते. मुशी म्हणजे शार्कच्या कुळातली मासळी, आणि समुद्रातल्या साऱ्या शार्क अंगात युरिया धरून ठेवतात. मासळी शिळी झाली की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात, आणि तोच तो डोळ्यांत पाणी आणणारा वास. ताजी मुशी ज्यांनी निगुतीने धुऊन शिजविली आहे त्यांस हे ज्ञान पुस्तकाशिवाय आहे. शार्कची रीत आणि या बेडकाची रीत एकच, जरी दोघांचे कूळ फार दूरचे.

या साऱ्यात आम्हांस सर्वांत अधिक विस्मय वाटला तो मात्र आपल्याच देहातल्या एका कोपऱ्याचा. माणसाच्या मूत्रपिंडाच्या गाभ्यात मीठ आणि युरिया मुद्दाम साठविलेले असतात. त्या साठ्याच्या ओढीने लघवीतले पाणी परत खेचले जाते, आणि तहानेल्या माणसाची लघवी रक्ताच्या चौपट तीव्र होऊ शकते. म्हणजे युरिया निव्वळ कचरा नाही; पाणी वाचविण्याच्या कामी देह त्याचा उपयोग करतो. त्या गाभ्यातल्या पेशी जणू जन्मभर खाडीत राहतात. त्याही आक्रसून मरत नाहीत, कारण त्या आपल्या पोटात सॉर्बिटॉल, बिटेन, इनोसिटॉल अशी द्रव्ये भरून घेतात. मनुष्य भरपूर पाणी प्याला आणि गाभा विरळ झाला की ती द्रव्ये पुन्हा सोडून देतात. मास्तरांच्या दोन्ही मूत्रपिंडांतील या पेशी आता जवळजवळ निकामी झाल्या आहेत. हे ऐकताना ते फळ्याकडे पाहावे तसे समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्यांच्या आजारामुळेच समजली. पहिल्या डायलिसिसच्या वेळी डॉक्टरांनी थोडाच वेळ यंत्र लावले. मुलगा कुरकुरला होता की पैसे पूर्ण आणि काम अर्धे. कारण असे की रक्तातला युरिया एकदम उतरविला तर मेंदूच्या पेशींतला युरिया तितक्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही. मग पाणी त्या पेशींकडे धावते आणि मेंदू सुजतो. बेडकाच्या बाबतीतही घाई चालत नाही. प्रयोगशाळेत खारटपणा पायरीपायरीने वाढवितात, कारण युरिया साठण्यास दिवस लागतात. युरोप व मध्य आशियातला हिरवा भेक आणि दक्षिण आफ्रिकेच्या तळ्यांतला झेनोपस हे दोघेही असा अवधी मिळाल्यास मध्यम खारटपणात टिकतात आणि दोघांच्याही रक्तात युरिया वाढतो. बहुतेक उभयचरांची मजल मात्र समुद्राच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच संपते. आमच्या वसईच्या पट्ट्यात टँकरांनी पाणी उपसून ज्या विहिरी मचूळ झाल्या, ज्या बावखलांत आता खारे पाणी शिरते, त्यांच्या काठी पावसाळ्याच्या रात्री उभे राहिले की हे आठवते. माणूस नळाचे पाणी आणू शकतो. बावखलातल्या बेडकाला दुसरे बावखल शोधावे लागते, आणि तीही बुजविली जात आहेत.

मागच्या शुक्रवारी मास्तरांनी विचारले, "त्याला तहान लागते का हो?" त्यांना दिवसाला पाऊण लिटर पाणी मिळते, औषधाच्या गोळ्यांबरोबरचे घोट धरून, तेव्हा हा प्रश्न केवळ शास्त्राचा नव्हता. आम्ही सांगितले ते असे. बेडूक पोटाच्या आणि मांड्यांच्या बाजूच्या पातळ कातडीने पाणी पितो. ओल्या मातीवर नुसता बसला तरी त्याचे पिणे चालू असते. खेकडे खाणारा बेडूक आपले रक्त बाहेरच्या पाण्याहून किंचित दाट ठेवतो ते याचसाठी. तेवढ्या फरकामुळे खाऱ्या चिखलात बसूनही पाणी त्याच्या अंगात झिरपत राहते. मास्तरांनी वहीवर हात ठेवला आणि थोड्या वेळाने विचारले, "आणि त्याची पिल्ले? त्यांच्या इवल्या अंगात एवढा युरिया कुठून येणार?"

प्रश्न मार्मिक होता. येत नाहीच. या बेडकाची टॅडपोल पिल्ले युरियावर विसंबत नाहीत, तरीही ती आईबापांच्या पुढे जातात: दर हजार भागांत ३९ भाग क्षार, म्हणजे समुद्राहूनही खारट पाणी त्यांना सोसते. त्यांची रीत हाडाच्या माशांची. रक्त समुद्राहून पुष्कळ विरळ ठेवायचे आणि आत शिरलेले मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींनी बाहेर फेकीत राहायचे. पण पिल्लाला एक दिवस बेडूक व्हायचे असते. शेपूट आखडू लागते, पाय फुटलेले असतात, कल्ले जाऊन फुप्फुसे कामास लागतात, आणि मीठ बाहेर फेकणाऱ्या त्या पेशीही कल्ल्यांबरोबर जातात. त्याच थोड्या दिवसांत यकृताने युरिया बनविण्याचे काम हाती घेतलेले असले पाहिजे. जुनी रीत सुटण्याआधी नवी चालू झाली पाहिजे, आणि बाहेर तर भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येतच असते. हे सारे कसे जुळते ते मास्तरांना नीट सांगायचे म्हणून प्राध्यापिकाबाईंचे पुस्तक आम्ही अजून परत केलेले नाही.